सापळा लावला म्हणजे ‘एन्ट्रॅप’ केलं असं नव्हे

सरकारी बाबू लाच घेताना सापडला की पणजीपासून काणकोणपर्यंत इंग्रजी झाडणारा कोणीतरी म्हणतोच, ‘बिचाऱ्याला एन्ट्रॅप केलं हो!’ नाही केलं. त्याच्यासाठी ट्रॅप लावला होता. कान किटले हे ऐकून.

ट्रॅप सगळ्यांच्या ओळखीचा. लिफ्टमध्ये अडकतो तो माणूस ट्रॅप्ड. तिथे ‘एन्ट्रॅप्ड’ लिहिणं म्हणजे नुसता भाव खाणं. काँक्रीटमध्ये कोंडलेल्या हवेला, मनगटात दबलेल्या नसेला तो शब्द चालतो, पण ते इंजिनिअर-डॉक्टरांपुरतं.

गोम आहे ती गुन्ह्यात पकडण्यात. समजा, सनदेच्या (जमिनीचा वापर बदलण्याच्या परवान्याच्या) फाइलसाठी बाबूने पैसे मागितले. अर्जदाराने एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक पोलिस) गाठली. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावली, पंच सोबत दिले (साक्षीदार पंच, पंचायतीतले नव्हेत). बाबूने नोटा मोजून खिशात घातल्या आणि सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटं बुडवताच पाणी गुलाबी झालं. हा ट्रॅप. मागणी बाबूची, पोलिसांनी फक्त ती रंगेहाथ पकडली.

आता दुसरा बाबू घ्या. त्याने कधी कोणाकडे चहासुद्धा मागितला नाही. पोलिसांचाच माणूस अर्जदार बनून रोज येतो. ‘घ्या हो साहेब, पोरीचं लग्न तोंडावर आलंय ना?’ साहेब दोनदा हाकलतात, तिसऱ्यांदा पाकीट ठेवून घेतात. पाणी इथेही गुलाबीच होणार, पण हे मात्र एन्ट्रॅप. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी जाळं लावून ओहोटीबरोबर येणारा मासा धरणं वेगळं आणि तळ्यातला मासा आणून त्या जाळ्यात सोडणं वेगळं.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ‘मला एन्ट्रॅप केलं’ हा आरोपीचा बचाव 1932 मध्ये सोरेल्स खटल्यात मान्य केला. काळ दारूबंदीचा. सरकारी एजंट पर्यटक बनून सोरेल्सच्या घरी गेला, महायुद्धातल्या जुन्या पलटणीच्या आठवणी काढल्या आणि दारूसाठी पुन्हा पुन्हा गळ घातली. शेवटी सोरेल्सने अर्धा गॅलन आणून दिली. गोंयकाराला यात गुन्हा कुठला तेच कळणार नाही, ते सोडा. पण ती आणायची कल्पना एजंटची होती, हे महत्त्वाचं. आपल्या कायद्यात असा स्वतंत्र बचाव नाही, त्यामुळे इथल्या बाबूने तो शब्द कोर्टात फेकून फारसं काही साधत नाही.

आणखी एक. कायद्याच्या अर्थाने एन्ट्रॅप करतो तो सरकारी माणूस किंवा त्याच्या सांगण्यावरून वागणारा. मित्राने भरीस घातलं तर ती नुसती वाईट संगत.

आणि गाडीत कोणी गुपचूप पुडी ठेवली असेल तर ते ‘फ्रेम’ करणं. तिथे माणसाने काहीच केलेलं नसतं. एन्ट्रॅप झालेल्याने गुन्हा केलेला असतो. म्हणून ‘मी पैशांना हात लावला नाही, मला एन्ट्रॅप केलं’ असं एका दमात म्हणणाऱ्याला आधी विचारावं: हात लावला की नाही, ते एकदा ठरव.