पांडवलेणी पांडवांची नव्हेत

नाशिकच्या लेण्यांना जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर एक गोष्ट पडतेच: वनवासात पांडवांनी ही एका रात्रीत कोरली. आजीकडून ऐकलेली ही गोष्ट मलाही प्रिय आहे, पण ती खरी नाही. त्रिरश्मी डोंगरातली ही २४ लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत आणि त्यांचं काम काही शतकं चाललं होतं.

पुरावा भिंतीवरच आहे, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या ३००० कार्षापणांचा (त्या काळच्या नाण्यांचा) हिशेब कोरलाय. रक्कम नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवायची: २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर पाऊण. मोठ्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्खूंना वर्षावासात (पावसाळ्यातल्या मुक्कामात) चीवरासाठी, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. म्हणजे चक्क मुदत ठेव, तीही जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीची!

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या लेकाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगते. तिथे ओसरीच्या तळाशी जरा वाका. कमरेपर्यंत दिसणारे सहा यक्ष अख्खं लेणं खांद्यावर पेलताना दिसतील.

पांडवांचं नाव लोकांनी फार नंतर दिलं. ज्यांनी पैसा दिला, त्यांची नावं मात्र दगडात अजून वाचता येतात.