हरवलेला आठ

परवा ठाण्याहून डोंबिवलीला जाताना लोकलमध्ये नववीतल्या भाचीने वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं : १२३४५६७८९८७६५४३२१.

"मामा, हा पूर्ण वर्ग आहे म्हणे. खरंच?"

खरंच आहे. नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि त्याचा वर्ग करा. पडताळायला एक्सेलवर जाऊ नका. ते पंधराच अंक जपतं आणि ही संख्या सतरा अंकी, त्यामुळे शेवटच्या २१ च्या जागी ०० दिसतात. इथे चौकटींची वहीच कामाची.

आधी १११ गुणिले १११ मांडलं. पहिल्या ओळीत १११, दुसऱ्या ओळीत तेच एक घर डावीकडे, तिसऱ्या ओळीत आणखी एक घर डावीकडे. आता उभे रकाने मोजायचे : एक, दोन, तीन, दोन, एक. उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात असाच नऊ ओळींचा जिना उभा राहतो आणि मधल्या रकान्यात बरोबर नऊ एक येतात. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही, सगळी शोभा त्यामुळेच.

मग दहा एक घेतले. मधल्या रकान्यात दहा झाले : शून्य लिहून हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळवला, पुन्हा दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या पलीकडच्या आठाचा नऊ झाला आणि हातचा तिथे संपला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडचा आठ जागेवर आहे, डावीकडचा गेला! भाचीने सगळे रकाने पुन्हा मोजले.

या संख्यांना नाव आहे, डेम्लो संख्या. ते दिलं द. रा. कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूला जन्म, माध्यमिक शिक्षण ठाण्यात, पुढे देवळालीला शाळामास्तर. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. रोज लाखो माणसं तिथे चढतात-उतरतात, पण ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल? मला ती तिथल्या फलाटावर लिहिलेली बघायची आहे.

भाचीला आता अवयव हवे होते. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपल्या सतरा अंकी संख्येत यातला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो आणि तिचे एकूण ४५ विभाजक होतात. विभाजकांच्या जोड्या लागतात, वर्गमूळ तेवढं एकटं उरतं, म्हणून पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच.

तिने १११११११११ ला ९ ने भागलं. आलं १२३४५६७९.

"मामा, आठ इथेही नाही!"

मग १ ला ८१ ने भागायला सांगितलं : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… प्रत्येक फेरीत आठ गायब. १/८१ हा १/९ चा, म्हणजे ०.१११… चा वर्ग. जिना तोच, फक्त न संपणारा. त्यातही दहाच्या रकान्यातून हातचा निघतो, नवाचा शून्य करतो आणि आठाचा नऊ.