थोर, शेर, दुधी : युफोर्बियाचा जगभरचा पसारा आणि एका निर्णयाची पार्श्वभूमी

नागपुरात पेव्हिंग ब्लॉकच्या फटींतून उगवणारी दुधी, काटोल-कळमेश्वरकडच्या धुऱ्यांवरचा थोर, कुंपणाचा शेर आणि डिसेंबरात नर्सऱ्यांमध्ये लालभडक दिसणारी पॉइन्सेटिया, या सगळ्यांचं शास्त्रीय नाव एकाच शब्दाने सुरू होतं : युफोर्बिया. एरंडाच्या कुळातल्या या प्रजातीत सुमारे २,००० जाती आहेत. सपुष्प वनस्पतींमध्ये इतक्या मोठ्या प्रजाती मोजक्याच.

नावाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. उत्तर आफ्रिकेतल्या एका राजाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ॲटलास पर्वतातल्या एका चिकाळ वनस्पतीला आपल्या ग्रीक वैद्याचं नाव दिलं. १७५३ मध्ये युरोपात ते संपूर्ण प्रजातीचं नाव म्हणून रूढ झालं. पुढचा गुंता मात्र अजून पुरता सुटलेला नाही, आणि आपल्या दुधीचा संबंध त्याच्याशीच आहे : दुधीचा गट आधी युफोर्बियातून वेगळा काढला गेला आणि नंतर पुन्हा त्यातच घेतला गेला. शीर्षकातला निर्णय तो हाच.

दुधीची एक फांदी तोडून भिंगाखाली धरा. तोडलेल्या जागी पांढरा चीक लगेच थेंबाने जमतो. पानांच्या बगलेत हिरवट-तांबूस गुच्छ असतात. त्यातला एकेक दाणा हे फूल वाटतं, पण तो अख्खा फुलोरा असतो. जेमतेम मिलिमीटरभर पेला, त्याच्या काठावर मधाच्या बारीक ग्रंथी, आत नुसत्या एका पुंकेसराची नरफुलं आणि मधोमध एकच मादीफूल. त्याचं तीन कप्प्यांचं केसाळ बोंड देठावर बाहेर लोंबतं आणि वाळलं की फुटून बिया उडवतं. या फुलोऱ्याला सायथियम म्हणतात. पॉइन्सेटियाची लाल ‘फुलं’ ही रंगीत पानं आहेत. खरे सायथियम मधल्या पिवळ्या-हिरव्या गोंड्यांत असतात. आफ्रिकेतल्या झाडाएवढ्या थोरापासून आपल्या दुधीपर्यंत हीच रचना सापडते. फड्या निवडुंगात ती नाही. तो अमेरिकेतून आलेला, कॅक्टसच्या कुळातला. कोरड्या हवेत दोन्ही कुळांना मांसल, काटेरी खोडं आली, तेवढंच साम्य.

आता त्या निर्णयाबद्दल. १८२१ मध्ये दुधीसारख्या जाती युफोर्बियातून काढून त्यांची ‘कॅमेसायसी’ ही स्वतंत्र प्रजाती करण्यात आली. त्याला कारणं भक्कम होती. या रोपांचा मुख्य शेंडा अगदी लहानपणीच वाढायचा थांबतो आणि पुढची सगळी वाढ बाजूच्या फांद्यांतून होते. पानं समोरासमोर, त्यांचा तळ एका बाजूला तिरका. पुढे आणखी एक गोष्ट कळली. यातल्या जवळजवळ सगळ्या जाती मका-ज्वारीप्रमाणे सी-४ पद्धतीने, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात आधी एकवटून, प्रकाशसंश्लेषण करतात. रणरणत्या उन्हात ही पद्धत फायद्याची ठरते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला तरी सिमेंटच्या कडेला थोड्याशा ओलीवर दुधी हिरवी राहते, त्यामागे हेही एक कारण आहे.

एवढं वेगळेपण असताना कॅमेसायसी पुन्हा युफोर्बियात घातली गेली. गेल्या तीसेक वर्षांत डीएनए तपासून वंशवृक्ष मांडले गेले, तेव्हा दुधीचा गट युफोर्बियाच्या शेजारी नाही तर पोटात निघाला. पॉइन्सेटिया, विलायती शेर म्हणून बागेत लावतात ती पेडिलँथस, आफ्रिकेतल्या मोनाडेनियम आणि सायनाडेनियम, अशा एकेकाळी वेगळ्या मानलेल्या सगळ्यांचं तसंच. मग मार्ग दोनच उरले : सगळ्यांना एकत्र घ्यायचं, किंवा युफोर्बियाचे तुकडे करून शेकडो जातींची नावं बदलायची. दुसऱ्या मार्गाबद्दलची एक बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. नामकरणाच्या नियमाने प्रजातीचं नाव एका नमुना जातीला बांधलेलं असतं. युफोर्बियाची ही जाती भारतातली आहे, आपला तीनधारी थोर. तुकडे पडले असते तर नाव थोराच्या गटाकडे राहिलं असतं आणि युरोपातल्या शेताकडेच्या साध्या जातींना दुसरं शोधावं लागलं असतं.

एकत्रीकरण योग्यच झालं, असं मला ठामपणे वाटतं. त्याचा त्रास मात्र वनस्पती ओळखायला शिकणाऱ्यांना झाला. दुधी जुन्या औषधी ग्रंथांत ‘पिल्युलिफेरा’, काही वनस्पतिसूचींत ‘कॅमेसायसी हिर्टा’ आणि आज ‘युफोर्बिया हिर्टा’ आहे. विद्यार्थ्याला ही तिन्ही नावं एकाच रोपाची आहेत हे कुणीतरी सांगावं लागतं.

एकत्र पाहिल्यावर या प्रजातीच्या अधिवासांची व्याप्तीही कळते. तिचा उगम सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत झाला असा अंदाज आहे. आज तिच्या चार मोठ्या पोटगटांत मिळून सी-३ (बहुतेक वनस्पतींची साधी पद्धत), सी-४ आणि रात्री रंध्रं उघडणारी सीएएम, या तिन्ही पद्धती आढळतात. उन्हाळ्यात पानं गाळून हिरव्या खोडावर जगणारा थोर कोरड्या हवेला सरावलेला आहे. कॅनरी बेटांवर मेणबत्त्यांच्या स्टँडसारखे थोर खडकाळ उतार व्यापतात. मादागास्करमध्ये दीडशेहून अधिक जाती आहेत. हिमालयाच्या कुरणांत मऊ पानांच्या बहुवर्षायू जाती, तर सह्याद्रीत पाचगणी-खंडाळ्याच्या कातळावर जमिनीत कंद ठेवून पानांशिवाय फुलणाऱ्या जाती, ज्या जगात इतरत्र नाहीत. सगळ्यांत विलक्षण हवाई बेटं. तिथे दुधीच्याच गटातल्या वनस्पतींची झुडपं आणि चक्क झाडं झाली. सी-४ पद्धतीची झाडं जगात फारच थोडी आहेत.

गेल्या शंभरेक वर्षांत माणसाने हा पसारा हलवला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातला चेंडूसारखा ‘ओबेसा’ संग्राहकांनी इतका उपटला की त्याला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. मांसल युफोर्बियांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आज साइट्स या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या जागतिक कराराखाली नियंत्रित आहे. याच प्रजातीतल्या, युरोपातल्या एका तणाच्या चिकातलं द्रव्य २०१२ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगपूर्व डागांवर औषध म्हणून मंजूर झालं. २०२० मध्ये उलट कर्करोगाचाच धोका वाढत असल्याच्या शंकेने युरोपात त्याची परवानगी गेली.

विदर्भाला जवळचा विषय सोयाबीनचा. शेतकरी ज्या उंच, रुंद पानाच्या तणाला दुधीच म्हणतात ती ‘हेटरोफायला’, मूळची अमेरिकेतली, पॉइन्सेटियाची जवळची नातेवाईक आणि सी-३ पद्धतीची. ती एकदाच उगवून थांबत नाही. पावसाच्या प्रत्येक उघडिपीनंतर नवी रोपं येतात आणि पिकाच्या वर डोकं काढतात. ब्राझीलच्या सोयाबीन पट्ट्यात एकाच गटातली तणनाशकं वर्षानुवर्षे फवारल्यामुळे १९९० च्या दशकात तिच्यात प्रतिकारशक्ती आढळली. उमरेडच्या शेतात ही आणि फटीतली दुधी एकाच नावाने ओळखल्या जातात, पण दोघींची वाढ वेगळी आणि उन्हातलं वागणंही वेगळं. फवारणीचा सल्ला देताना आधी कोणती दुधी ते पाहिलं पाहिजे.