ठाणे किल्ला व कारागृह : राजकीय हिंसेचा इतिहास

ठाणे शहरात खाडीच्या बाजूला असलेला भुईकोट किल्ला. सध्याचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू केले. राज्यसंस्थेने केलेली हिंसा आणि तिच्याविरुद्ध झालेली हिंसा यांचा विचार बहुधा वेगवेगळा केला जातो. या तटबंदीच्या इतिहासात मात्र त्या दोन्ही एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एकीची हकीकत दुसरीवाचून पुरी होत नाही.

चिमाजी अप्पांच्या साष्टी (ठाणे ज्यावर वसले आहे ते बेट) व वसईच्या मोहिमेत, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी किल्ला घेतला तेव्हा त्याचे काम अपुरेच होते. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी हल्ला करून तो जिंकला आणि आत शिरल्यावर शिबंदीतील, म्हणजे किल्ल्यावरील फौजेतील, बहुतेकांची कत्तल केली. लढाईच्या वर्णनांत ही कत्तल विजयाचा एक तपशील म्हणून येते, गुन्हा म्हणून नव्हे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

किल्ल्यातील सर्वांत गाजलेला कैदी म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे हिशेबाच्या व अहमदाबादच्या इजाऱ्याच्या (महसूलवसुलीच्या मक्त्याच्या) वाटाघाटींसाठी इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्रिंबकजीवर ठपका ठेवून त्याला ताब्यात मागितले आणि दबावापुढे नमून बाजीरावाने त्याला इंग्रजांच्या हवाली केले. त्रिंबकजीवर रीतसर खटला मात्र चाललाच नाही. खून हे राजकीय कृत्य होते, तसा हा बिनचौकशीचा बंदिवासही राजकीयच होता, असे म्हणणे भाग आहे. बंदोबस्तासाठी गोऱ्या शिपायांचाच पहारा ठेवण्यात आला आणि तोच अंगाशी आला. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) कैद्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करताना मराठी गाणी म्हणत असे, त्यांतून त्रिंबकजीला सुटकेचा बेत कळवला गेला आणि पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही समजले नाही, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथेचा तपशील कितपत खरा हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पहाऱ्याच्या हातावर तुरी देऊन निसटला, हे निश्चित. पुढे त्याने रामोशी, भिल्ल वगैरेंची जमवाजमव केली. त्याला हजर करण्याची मागणी पुढे करूनच इंग्रजांनी जून १८१७ मध्ये पेशव्यावर पुण्याचा तह लादला. १८१८ मध्ये तो पुन्हा पकडला गेला आणि त्याला दूर चुनारच्या किल्ल्यात ठेवण्यात आले.

इंग्रजी अमलात किल्ल्याचा तुरुंग झाला आणि युद्धाची जागा फाशीने घेतली. अकोले तालुक्यातील देवगावचे महादेव कोळी नायक राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात बंड केले. त्यांचा रोख सरकारइतकाच सावकारांवर होता: धाडी घालून सावकारांची नाक-कान कापल्याचे प्रकार सरकारी वृत्तांतांत नोंदलेले आहेत. हे वृत्तांत बंड मोडणाऱ्यांनीच लिहिलेले असल्याने त्यांत राघोजी दरोडेखोर ठरतात, तर आदिवासी समाजाच्या स्मरणात ते आद्यक्रांतिकारक आहेत. क्रौर्य घडलेच नाही असे मानण्याचे कारण नाही. पण गहाणखतांखाली जमिनी जाऊ लागलेल्या मुलखात सावकारच का लक्ष्य झाला, हे त्या वृत्तांतांतील ‘दरोडा’ या सदरात मावत नाही. जानेवारी १८४८ मध्ये पंढरपूर येथे ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्यात फाशी देण्यात आली.

राजद्रोहात्मक कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या. जॅक्सन संस्कृतचा जाणकार म्हणून ओळखला जाई; कटवाल्यांच्या लेखी मात्र बाबारावांवरील खटल्याला तोच जबाबदार होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. ज्या पिस्तुलाने हा खून झाला ते लंडनहून धाडल्याचा आरोप असलेले विनायक दामोदर सावरकर यांनाही, अंदमानला रवाना करण्यापूर्वी, काही काळ याच तुरुंगात ठेवण्यात आले होते.