फोन न उचलणारे समर्थक

३ ऑक्टोबर २०१२च्या रात्री डेन्व्हर शहरात अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार, डेमोक्रॅट बराक ओबामा आणि रिपब्लिकन मिट रॉमनी, पहिल्या जाहीर वादासाठी समोरासमोर आले. ओबामा थकलेले वाटत होते. रॉमनींनी बाजी मारली, हे ओबामांच्या चाहत्यांनीही कबूल केलं. सप्टेंबरच्या मध्यात ‘प्यू’ संस्थेच्या जनमत चाचणीत ओबामा ५१ विरुद्ध ४३ असे पुढे होते. वादानंतरच्या चाचणीत रॉमनी ४९ आणि ओबामा ४५. तीन आठवड्यांत दोघांमधल्या अंतरात बारा टक्क्यांची उलथापालथ!

ओबामांच्या गोटात घबराट उडाली. दुसऱ्या बाजूला, रॉमनींचे काही समर्थक सप्टेंबरभर या चाचण्यांवरच तुटून पडले होते. त्यांत डेमोक्रॅट जास्त धरलेत, असं म्हणत त्यांनी पक्षांचं प्रमाण आपल्या हिशेबानं बदललं आणि रॉमनींना पुढे दाखवणारे आकडे मांडले. आपला उमेदवार पुढे असलेली चाचणी माणसाला जास्त विश्वासार्ह वाटते, हे प्रयोगांतही दिसलं आहे.

पण वादाच्या त्या दीड तासानं खरोखरच लाखो लोकांचं मत फिरवलं होतं का?

याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडलं. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या निवडणुकीआधीच्या ४५ दिवसांत एक्सबॉक्स या खेळयंत्रावरून सुमारे साडेतीन लाख लोकांची मतं विचारली, त्यातल्या अनेकांची पुन्हा पुन्हा. उत्तरं देणाऱ्यांत ९३ टक्के पुरुष, ६५ टक्के तिशीच्या आतले. असा नमुना कुणीही केराच्या टोपलीत टाकला असता. पण त्यांनी वय, लिंग, शिक्षण यांचं प्रमाण खऱ्या मतदारांतल्या प्रमाणाशी जुळवून पाहिलं, तेव्हा ओबामांची तीच घसरण इथेही दिसली. मग त्यांनी आणखी दोन गोष्टी हिशेबात घेतल्या: माणूस स्वतःला कोणत्या पक्षाचा मानतो आणि २००८मध्ये त्यानं कुणाला मत दिलं होतं. घसरण बरीचशी नाहीशी झाली.

म्हणजे मतं फारशी बदललीच नव्हती. बदलली होती ती उत्तर द्यायची इच्छा. आपला माणूस हरला म्हणून खट्टू झालेल्या डेमोक्रॅटांना चाचणीवाल्यांशी बोलावंसं वाटेना. रिपब्लिकन मात्र हुरूपानं बोलत होते. मला या शोधातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की ज्या आकड्यानं समर्थक खचले, तो आकडा काही अंशी त्यांच्या खचण्यातूनच तयार झाला होता. चाचणी घसरली की निराशा, निराशेतून मौन, आणि मौनामुळे पुढच्या चाचणीतही घसरण कायम राहू शकते.

६ नोव्हेंबरला ओबामा ५१.१ विरुद्ध ४७.२ टक्क्यांनी जिंकले.

एरवीचे चढउतारही फसवे असतात. हजार जणांच्या चाचणीत निव्वळ योगायोगानं एका उमेदवाराचा आकडा तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, आणि दोघांमधलं अंतर जवळपास सहा टक्के. शिवाय ही मर्यादा फक्त नमुना निवडण्यातल्या योगायोगाची असते. कोण बोलायला तयार होतं आणि कोण नाही, याची चूक त्यात धरलेलीच नसते.

म्हणून २०२४मध्ये अनेक चाचणीवाले उत्तर देणाऱ्यांचं मागच्या वेळचं मत विचारून प्रमाण जुळवत होते. त्यातही एक अडचण असते: काही जण, आपण जिंकलेल्यालाच मत दिलं होतं, असं चुकीचं सांगतात. आयोवा राज्यातल्या नावाजलेल्या चाचणीकार अॅन सेल्झर मात्र मागच्या मतांचं गणित वापरत नसत. २ नोव्हेंबरला त्यांचा आकडा आला: कमला हॅरिस ४७, डोनाल्ड ट्रम्प ४४. हॅरिस यांच्या समर्थकांत आनंदाची लाट उसळली, कारण सेल्झर यांचे अंदाज पूर्वी अनेकदा अचूक ठरले होते. तीन दिवसांनी ट्रम्प यांनी आयोवा सुमारे १३ टक्क्यांनी जिंकलं.