खुमीतला दुसरा सूर मशीनचा नव्हे

जॅझ बँडसोबत मंगोलियन गायक खुमी (एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढायची गायकी) गातो तेव्हा खर्जावर शिट्टीसारखा दुसरा सूर तरंगतो. ‘स्टुडिओची करामत’ किंवा ‘त्यांच्या गळ्यात जास्तीचे स्वरतंतू असतात’ असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. दोन्ही थापा. गायक जीभ टाळूकडे उचलून, ओठ कमी-जास्त उघडून मूळ स्वरातलाच एखादा उपस्वर, म्हणजे त्यात दडलेला वरचा सूर, फुगवतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो ना, तोच प्रकार; फक्त इथे उपस्वर निवडता येतो. २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेली ही कला मायक्रोफोनच्या कितीतरी आधीची. जॅझवाल्यांची खरी पंचाईत वेगळीच! खालचा आधारस्वर सहसा हलत नाही, त्यामुळे सारखे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलले की खटकतं. मग पियानो आणि बास मुकाट एकाच स्वराभोवती घुटमळतात.