‘उत्तर बरोबर आहे, तरी गेम चूक दाखवतो’: कळवण्याआधी एवढे वाचा

आमचा तोंडी हिशेबाचा गेम मोबाइलवर खेळणाऱ्यांची सर्वात मोठी तक्रार हीच. प्रत्येक तक्रारीतले कोडे आम्ही स्वतः सोडवून बघतो. त्यात वेळ जातो, आणि बहुतेकदा कारण एकच निघते: क्रियांचा क्रम.

६ + ४ × ५ चे उत्तर २६, कारण गुणाकार आधी. काही जण ५० लिहितात आणि पुरावा म्हणून कॅल्क्युलेटरचा फोटो पाठवतात. साधा कॅल्क्युलेटर पुढचे चिन्ह दाबताच मागचा हिशेब पुरा करून टाकतो, म्हणून ५० येतात. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर तेच गणित करा, २६ येतील.

खरी फसगत मात्र शाळेत ‘कंचेभागुबेव’ (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) हे क्रमाचे सूत्र पक्के पाठ केलेल्यांची होते. २० − ८ + ५ घ्या. ‘बे’ आधी म्हणून ८ आणि ५ मिळवले, १३ झाले, ते वीसमधून वजा केले, उरले ७. हे चूक आहे. उत्तर १७. बेरीज-वजाबाकीचा मान सारखा असतो. डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. वजाचे चिन्ह फक्त आठचे आहे, पाचचे नाही. भागाकार-गुणाकारही एकाच मानाचे, पण तिथे ‘भा’ आधी घेतला तरी बिघडत नाही. १२ × ६ ÷ ३ कसेही सोडवा, २४च येतात. त्यामुळे सूत्र अक्षरशः खरे वाटत राहते आणि ‘बेव’पाशी घात होतो.

‘सरळ डावीकडून’ सोडवण्याचा पर्याय द्या, असे पुष्कळ जण सुचवतात. तो आम्ही मुद्दामच ठेवलेला नाही. मुलाने गेममध्ये एक क्रम शिकायचा आणि परीक्षेत दुसरा, हे आम्हाला पटत नाही. त्याऐवजी लाल फुलीखाली ‘पायऱ्या’ हे बटण दिले आहे. ते दाबले की कोणती क्रिया आधी झाली ते ओळीओळीने दिसते. तरीही शंका राहिली तर स्क्रीनशॉट जरूर पाठवा. चूक आमची असेल तर पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करू.

आणखी एक. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना तोंडात सात आधी येतो आणि घाईत ७४ टाइप होतात. सेटिंगमध्ये ‘एकक आधी’ सुरू करा. हातच्याच्या बेरजेलाही ते सोयीचे पडते.

कंसांची कोडी पूर्ण आवृत्तीत आहेत. २० − ८ + ५ सारखी गणिते मात्र आम्ही मोफत आवृत्तीतच ठेवली आहेत. आधी ती न अडखळता सुटू द्या, मग कंसांकडे वळा.